रिसेप्शन सुरू होण्याआधी बाई घरी येणार आहेत : तयारी काय ठेवावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब दीड वर्षापूर्वी पुण्याहून इंग्लंडला आलं. मुलगी जुलैत चार वर्षांची होईल आणि सप्टेंबरपासून सरकारी शाळेत रिसेप्शनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसेल. वर्गशिक्षिका आणि त्यांच्या सहायक वीस-पंचवीस मिनिटांसाठी घरी येतील, असं शाळेचं पत्र आलंय. घर एका बेडरूमचं, आजी भारतातून आलेली, मुलगी घरात मराठीच बोलते. आईनं विचारलंय : तिच्याकडून इंग्रजी कविता आणि आकडे पाठ करून घ्यावेत का, घर कसं दिसायला हवं, खायला काय करावं, आणि काही बिनसलं तर प्रवेश अडेल का?

मी इंग्लंडमध्ये रिसेप्शनच्या वर्गाला शिकवते आणि दरवर्षी अशा भेटींना जाते. त्यामुळे दाराच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

आधी प्रवेशाची धास्ती काढून टाका. इंग्लंडमध्ये रिसेप्शनच्या अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपते, १६ एप्रिलला जागा कळते, आणि भेट त्यानंतर होते. जागा देण्यात वर्गशिक्षिकेचा काडीचाही हात नसतो. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला बंदी घातली, तरी ‘इंटरॅक्शन’ या नावाखाली आईवडिलांना आणि मुलाला समोर बसवण्याची सवय अनेक खासगी शाळांनी सोडलेली नाही. ती भीती मनात घेऊनच आपण इकडे येतो. इथल्या भेटीत बाईंना दोनच गोष्टी हव्या असतात. पहिल्या दिवशी वर्गात मुलीला एक तरी ओळखीचा चेहरा दिसावा, आणि तिच्याबद्दल जे फक्त घरच्यांना ठाऊक असतं ते शाळा सुरू होण्याआधी कळावं. म्हणून मुलीची तालीम घेण्यापेक्षा तुमच्याकडची माहिती नीट लावून ठेवा. खरी तयारी तीच.

भेट कायद्यानं सक्तीची नाही. काही शाळा घरी येतातच, काही पालकांना शाळेत बोलावतात. घरी कुणी यावं असं तुम्हाला वाटत नसेल तर ऑफिसला सांगून शाळेत भेट मागता येते, आणि त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. तरीही जमत असेल तर घरीच होऊ द्या. अनोळखी वर्गात गप्प बसणारं मूल स्वतःच्या घरात अगदी वेगळं असतं, आणि ते वेगळेपण बाईंना बघायला मिळतं. दोघी येण्याचं कारण साधं आहे : एक पालकांशी बोलते, दुसरी मुलाजवळ जमिनीवर बसून खेळते. शिवाय अनोळखी घरी एकटीनं जाऊ नये, हा बहुतेक शाळांचा नियम असतो. दोघींच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र असतं. पत्रातल्या नावाखेरीज दुसरं कुणी दारात उभं राहिलं तर शाळेच्या ऑफिसला फोन करून खात्री करून घ्या. संकोच नको.

व्हिसाची चौकशी या भेटीत होत नाही. घर किती मोठं, गाद्या जमिनीवर का, मूल आईजवळच का झोपतं, यावर शेरे मारायलाही कुणी येत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मुलाला इजा होत असल्याची किंवा त्याची आबाळ होत असल्याची शंका आली, तर ती कळवणं शिक्षिकेवर बंधनकारक असतं. लहान घर, वाळत घातलेले कपडे, ओट्यावरची भांडी, देवघरातली समई यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. फक्त बाई असताना समई किंवा उदबत्ती पेटवू नका. धुराचा त्रास त्यांनाही असू शकतो.

घराबद्दल एवढंच पुरे : टीव्ही बंद, मुलीची दोन-तीन आवडती खेळणी जमिनीवर, दोघींना बसायला जागा. चपला-बूट बाहेर काढायची पद्धत असेल तर तसं सांगा आणि दाराशी एक खुर्ची ठेवा, म्हणजे बूट काढताना त्यांची कसरत होणार नाही. सगळी खेळणी कपाटात कोंबून घर चकचकीत करू नका. मग खेळायला काही उरत नाही आणि वीस मिनिटं सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

खाण्याचा आग्रह हा आपल्याकडचा मोठा घोळ. बाईंना त्या दिवशी बरीच घरं करायची असतात आणि प्रत्येक घराची वेळ ठरलेली असते. पाणी विचारा, चहा विचारा, ‘नको’ म्हटलं तर तिथेच थांबा. दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे घातलेले पोहे, तिळाचे लाडू पुढे ठेवूच नका. इथे शेंगदाणे आणि तीळ हे दोन्ही ॲलर्जीच्या अधिकृत यादीतले पदार्थ आहेत, आणि पाहुणीला काय चालत नाही हे आपल्याला माहीत नसतं. भेटवस्तूही नको. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाणारा वेळ बोलण्यात गेला तर जास्त उपयोगी पडेल.

आता भाषा. भेटीतली सगळ्यात मोलाची माहिती हीच असते, आणि बहुतेक पालक ती ‘घरी मराठी बोलतो’ एवढ्या एका वाक्यात उरकतात. बाईंना कळायला हवं असतं ते हे : मुलगी इंग्रजीत बोलत नाही, ती इंग्रजी नवं आहे म्हणून, की तिला बोलायलाच उशीर होतोय? वर्गात दोन्ही मुलं सारखीच गप्प दिसतात. पण पहिल्याला फक्त वेळ द्यावा लागतो, दुसऱ्याला स्पीच थेरपिस्टकडे पाठवावं लागतं. हा फरक फक्त तुम्ही सांगू शकता, कारण तिचं मराठी फक्त तुम्हालाच कळतं. म्हणून तपशिलात सांगा. मराठीत ती किती लांब वाक्य बोलते? काल काय झालं ते क्रमानं सांगते का? ‘चपला काढ, हात धू आणि पाटावर बस’ अशी तीन कामं एका दमात सांगितली तर करते का? घराबाहेरच्या मराठी माणसाला तिचं बोलणं कळतं का? इंग्रजीत तिला समजतं किती आणि स्वतःहून बोलते किती, हे वेगवेगळं सांगा. कार्टून बघून शिकलेलं इंग्रजी पुष्कळदा नुसत्या ऐकलेल्या वाक्यांची पोपटपंची असते. तसं असेल तर तेही सांगा.

नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुलं काही आठवडे, कधी काही महिनेही, वर्गात तोंड उघडत नाहीत. त्या काळात ती ऐकत असतात. बाईंना हे माहीत असतं. घाबरतात ते पालक, आणि घरातलं मराठी बंद करून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. तसं करू नका. रिसेप्शन ज्या सरकारी चौकटीत चालतं तिच्यातच असं बंधन आहे, की ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना खेळताना-शिकताना ती भाषा वापरायची संधी मिळावी म्हणून शाळेनं योग्य ते प्रयत्न करावेत. तुम्ही भरभरून मराठीत बोला, इंग्रजी शाळेवर सोडा.

सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट कानावर येईल. रिसेप्शनच्या पहिल्या सहा आठवड्यांत शिक्षिका प्रत्येक मुलाजवळ बसून साधारण वीस मिनिटांची एक सरकारी चाचणी घेते. ती २०२१ पासून सगळ्या सरकारी शाळांत सक्तीची आहे. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नसतं. मुलं सहावीच्या शेवटी पोहोचतात तेव्हा शाळेनं किती प्रगती घडवली हे मोजण्यासाठी ती असते. तिच्यासाठी पाठांतर करून घेऊ नका. भेटीत तर त्याची अजिबात गरज नाही. ‘बाईंना पोएम म्हणून दाखव’ असं म्हटलं की पाचातली चार मुलं आईच्या मागे लपतात, आणि पाचवं मूल म्हणून दाखवतं त्यातून बाईंना फारसं काही कळत नाही.

पाठ करून घ्यायचेच असतील तर कामाचे आठ-दहा इंग्रजी शब्द घ्या : टॉयलेट, वॉटर, हेल्प, स्टॉप, फिनिश्ड, हर्ट्स, कोल्ड, मोअर. बाईंना हाक मारताना ‘टीचर’, ‘मॅम’ किंवा ‘आंटी’ म्हणत नाहीत. मिस किंवा मिसेस लावून आडनाव घेतात. पत्रात जसं लिहिलंय तसं शिकवा. उलट बाजूनं बाईंसाठी एका कागदावर मुलीचे मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून द्या : सू, शी, पाणी, दुखतंय, नको, आई. आपली ‘शी’ इंग्रजी कानाला ‘ती’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखी ऐकू येते आणि ‘सू’ हे तर इथे बाईचं नाव आहे. लिहून दिलं नाही तर मूल तीनदा सांगून शेवटी कपड्यात करून मोकळं होतं. मुलगी ‘हो’ म्हणताना मान आडवी डोलवत असेल तर तेही सांगा. इथे त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला जातो.

नावाचंही तसंच. भारतीय पासपोर्टवर पुष्कळदा मुलीच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, आणि शाळेच्या यादीत ते दोन्ही मिळून तिचं पहिलं नाव होऊन बसतं. वर्गात कोणत्या नावानं हाक मारायची, ते बाईंना स्पष्ट सांगा आणि दोनदा सावकाश उच्चारून दाखवा. घरी सगळे तिला चिऊ किंवा पिल्लू म्हणत असाल तर आजपासून दिवसातून काही वेळा शाळेचं नाव घ्या. स्वतःच्या खऱ्या नावाला ओ न देणारी मुलं दरवर्षी येतात, आणि त्यांना कमी ऐकू येतं की काय, अशी शंका उगाच घेतली जाते.

शी-शूबद्दल मोकळेपणानं बोला. ‘ती सगळं स्वतः करते’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोटं ठरतं. अजून सवय झाली नसेल तरी शाळा जागा काढून घेत नाही. पण आधी कळलं तर जादा कपडे, आठवण करून द्यायच्या वेळा असं सगळं ठरवता येतं. आपल्या मुलांची अडचण थोडी वेगळी असते : घरी पाण्यानं धुतात, आणि बहुतेकदा आईच धुवून देते. शाळेत जेट नसतो, पाण्याचा मग नसतो, असतो फक्त कागद. म्हणून आतापासून रोज कागदाची सवय करा. तीन-चार चौकोन घेऊन घडी करायची, पुढून मागे पुसायचं, कागद बघायचा, टाकायचा, पुन्हा नवा घ्यायचा, कागद कोरा येईपर्यंत. मग फ्लश, मग साबणानं हात. उरलेलं धुणं घरी आल्यावर करा. ओले वाइप्स कमोडमध्ये टाकायचे नसतात, पाइप तुंबतात. ते वापरायला द्यायचेच असतील तर शाळेला विचारा. हात वाळवायच्या यंत्राच्या आवाजाला बरीच मुलं घाबरतात आणि त्या भीतीनं टॉयलेटला जायचंच टाळतात. एखाद्या मॉलमध्ये नेऊन तो आवाज ओळखीचा करून घ्या. कपडे इलॅस्टिकचे, बूट वेल्क्रोचे. पट्टा, डंगरी, नाडी असं काही नको.

जेवणाचं दुखणं याच घरातलं. चौथ्या वर्षी आपल्याकडे आजी घास भरवते, समोर मोबाइल असतो आणि जेवण पाऊण तास चालतं. शाळेत ट्रे समोर येतो आणि आपलं आपण खायचं असतं. रोज एक जेवण तरी टेबलाशी बसून, मोबाइलशिवाय, वीस-पंचवीस मिनिटांत, काट्या-चमच्यानं होऊ द्या. सुरी हळूहळू येते. उकडलेला बटाटा आणि पनीर कापायला सोपं, त्यावर सराव करा. भरवायची सवय असेल तर बाईंना सांगा. त्यात लाज नाही, फक्त दुपारी मूल उपाशी का राहतं, हे शोधण्यात आठवडा जात नाही.

रिसेप्शन, पहिली आणि दुसरीच्या मुलांना सरकारी शाळांत दुपारचं जेवण मोफत असतं, २०१४ पासून. रोज एक फळ किंवा भाजी मिळते, आणि पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत नोंदणी केली तर १८९ मिलिलिटर दूधही. पण ‘शाकाहारी’ एवढंच लिहून भागत नाही. इथल्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं, त्यामुळे केकमध्ये अंडं चालतं का ते वेगळं सांगा. मुलांच्या वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चघळायच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून बनतं. चालत नसेल तर लिहा. चिकन खाता पण गोमांस आणि डुकराचं मांस नाही, असं असेल तर नेमकं तसंच लिहा. डबा देणार असाल तर शेंगदाण्याची चटणी विसरा, बहुतेक शाळांत दाणे आणायला बंदी असते.

तब्येतीचं काही लपवू नका. अंडं किंवा दाण्यांनी कधी अंगावर पित्त उठलं असेल, तापात झटका आला असेल, दमा असेल, एका कानानं कमी ऐकू येत असेल, तर तारखेसकट सांगा. ‘लोक काय म्हणतील’ या विचारानं दडवलेली गोष्ट शाळेत नेमकी अशा वेळी वर येते, जेव्हा तुम्ही फोन उचलू शकत नाही. पंप किंवा औषध शाळेत ठेवायचं असेल तर फार्मसीची चिठ्ठी चिकटवलेलं मूळ खोकं आणि पालकांची लेखी परवानगी लागते. भारतातून आणलेल्या बिननावाच्या गोळ्या किंवा काढा शाळा देणार नाही.

आणीबाणीसाठी एकाहून जास्त फोन नंबर मागतात. नात्यातलं कुणी जवळ नसेल तर शेजारी किंवा मैत्रीण चालते, पण त्यांना आधी विचारा आणि दिवसा ते खरंच येऊ शकतात का, हे बघा. आजी न्यायला येणार असतील तर त्यांचं नाव आजच सांगा, जमल्यास बाईंशी ओळख करून द्या. आजी भारतात कधी परत जाणार तेही सांगा. रोज दाराशी दिसणारं माणूस अचानक नाहीसं झालं की मुलं वर्गात रडतात, आणि कारण माहीत असलं की समजूत घालणं सोपं जातं.

मुलीला फार आधी सांगू नका, आदल्या दिवशी पुरे. ‘उद्या तुझ्या शाळेतल्या बाई आपल्याकडे येणार, तुझी खेळणी बघणार’, बास. शाळेच्या वेबसाइटवर बाईंचा फोटो असेल तर दाखवा. ‘नीट वाग, नाहीतर बाई रागावतील’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी गिळून टाकायचं, आजींनीही. एखादी वस्तू दाखवायला तिलाच निवडू द्या. ती पडद्यामागे लपली तर ओढून बाहेर काढू नका, सहायक बाई तिथेच खाली बसून ठोकळे रचायला लागतील आणि बहुतेकदा दहा मिनिटांत मूल जवळ सरकतं. नाहीच आलं, तरी ती भेट वाया गेलेली नसते. बाईंनी मुलीला काही विचारलं तर तिच्या आधी तुम्ही उत्तर देऊ नका. मनात दहा आकडे मोजा. भाषांतर लागलं तर ती जे बोलली तेवढंच सांगा, सुधारून नको. आणि तुमचं इंग्रजी अडखळत असलं तरी तुम्हीच बोला. नवऱ्यावर सोडलंत तर बाळाच्या झोपेचं आणि शीचं त्यांना काय माहीत असणार!

शेवटची पाच मिनिटं तुमच्या प्रश्नांसाठी ठेवा. पहिले किती दिवस अर्धवेळ शाळा आहे? मूल रडलं तर फोन करता का, आणि किती वेळानं? दिवाळीला रजा कशी मागायची? शाळेचे निरोप ॲपवर येतात की ई-मेलवर? तुमच्या बाबतीत आणखी एक विचारा. मूल कायद्यानं सक्तीच्या वयाचं होईपर्यंत त्याला अर्धवेळ पाठवण्याचा हक्क पालकांना असतो. जुलैत जन्मलेल्या मुलीला ते वय रिसेप्शनचं पूर्ण वर्ष संपल्यावरच लागू होतं. ऑक्टोबरात ती दुपारी थकून झोपू लागली, तर काही आठवडे अर्धा दिवस पाठवता येईल का, हे बोलून ठेवा. शाळा स्वतःहून हे क्वचितच सांगते.

कागदपत्रांचं म्हणाल तर पत्रात मागितली असतील तेवढीच काढा. साधारणपणे जन्मतारखेचा पुरावा आणि काउन्सिल टॅक्सचं (इथल्या घरपट्टीसारख्या कराचं) बिल. त्याखेरीज एक पानभर टिपण द्या : हाकेचं नाव, भाषा, टॉयलेट, जेवण, ॲलर्जी, कशाला घाबरते, रडली की कशानं शांत होते, कोण न्यायला येईल. वीस मिनिटांत बाईंना सगळं लक्षात राहत नाही, कागद मात्र वर्गाच्या फाइलमध्ये जातो आणि सुट्टीवरच्या बाईंच्या जागी आलेली बदली शिक्षिकाही तो वाचते. भेटीनंतर काही राहून गेलेलं आठवलं तर त्याच दिवशी ऑफिसला दोन ओळींचा ई-मेल टाका. आणि त्या दिवशी मुलीला ताप असेल किंवा उलट्या होत असतील, तर सकाळीच फोन करून दुसरी वेळ मागा. बाईंना पुढच्या घरांतल्या मुलांपर्यंतही जायचं असतं.